खालच्या पायरीवरची टोपली

आधीच सांगून टाकतो, मी काही कुत्रेवेडा नाही. माझं सलून आहे. माणसांची डोकी भादरणं हा माझा धंदा, आणि सुट्टीच्या दिवशी केसांच्या जटा झालेली कुत्री भादरणं हा टोपलीताईने माझ्या गळ्यात मारलेला उद्योग. दोन्हींत बरं गिऱ्हाईक कोण, असं विचाराल तर कुत्रं. ते मान हलवतं, क्वचित चावतं, पण खुर्चीत बसून जगाला अक्कल शिकवत नाही.

टोपलीताईचं खरं नाव आमच्या गल्लीत कुणी घेत नाही. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते. दुकानाच्या मागे एक अरुंद खोली आहे. तिथे ते घरघरणारं चाक, पाण्याची बारीक धार आणि ती. दिवसभर दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून डोळे बारीक करून बसलेली असते. संध्याकाळी घरी येते तेव्हा केसांवर काचेची पांढरी भुकटी असते. मी म्हणतो, ताई, एवढ्यातच म्हातारी झालीस. ती म्हणते, "कात्री, तू तोंड कमी चालव, हात जास्त चालव." माझं नाव तिने कात्री ठेवलंय. तेही आता गल्लीभर झालंय.

तिचं घर गल्लीच्या टोकाला. दाराला तीन दगडी पायऱ्या. वरच्या पायरीवर, दाराच्या कडेला, एक झाकणाची वेताची टोपली कायम ठेवलेली असते. आत जुना स्वेटर. कुणाला रस्त्यात पिल्लू सापडलं, घरच्यांनी कुत्रं ठेवू दिलं नाही, मांजरीची पिल्लं कचऱ्यात मिळाली, की यायचं, टोपलीत ठेवायचं आणि जायचं. टोपली मुळात ताईच्या सासूबाईंची, कपडे ठेवायची. सासूबाई अजून ऐकवतात, "माझी टोपली नेलीस ती नेलीस, आता मलाही त्यात घालून दारात ठेव. कुणी चांगल्या घरचं नेलं तर नेईल." ताई शांतपणे सांगते, तुम्हाला कोण नेणार, तुम्ही चावता.

त्या टोपलीचा एकच नियम होता. ठेवणाऱ्याला काही विचारायचं नाही. कोण, कुठून आणलं, का टाकलं, काही नाही. बाहेर पावलं वाजली तरी ताई खिडकीत जायची नाही, उलट रेडिओ मोठा करायची. याला कारण होतं. फार पूर्वी एक माणूस पिशवीत पिल्लं घेऊन आला होता. ताईने त्याला दारातच उभं करून फैलावर घेतलं. लाज नाही वाटत, आईपासून तोडलीत, असं बरंच काही. तो माणूस खाली मान घालून पिशवीसकट परत गेला. दुसऱ्या दिवशी ती पिशवी नाल्यात सापडली. त्या दिवसापासून ताईने कुणाला प्रश्न केला नाही. ती म्हणायची, मला उत्तर मिळून काय करायचंय, मला पिल्लू पाहिजे.

आमच्या गावभर पसरलेल्या कुत्रेवाल्यांमध्ये ताईची एकच जिवाभावाची मैत्रीण होती, हॉर्नबाई. ती शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. कुणाच्याही दाराशी उतरून कडी वाजवायची नाही, लांबूनच हॉर्न मारायचा, म्हणून हॉर्नबाई. मुलं शाळेत सोडली की रिकाम्या व्हॅनमध्ये जखमी कुत्री भरून दवाखान्यात न्यायची. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला उशी उचलावी तसं उचलायची. पण सुई दिसली की त्याच बाईचे पाय लटपटायचे. कुत्रं चावलं की इंजेक्शन घ्यायला ताई तिला हाताला धरून न्यायची, तिचं तोंड भिंतीकडे वळवायची आणि काहीबाही बडबडत राहायची. एकदा ताईला दुकानातून सुट्टी मिळाली नाही, तर ही बया एकटी गेली आणि दारातूनच पळून आली. त्यावरून आम्ही तिची कितीतरी दिवस टिंगल केली होती.

मग मुनीम आजारी पडला. मुनीम म्हणजे ताईचा म्हातारा कुत्रा, कायम काहीतरी हिशेब करत असल्यासारखा बसणारा. त्याचे मागचे पाय गेले, अंगाला जखमा झाल्या. डॉक्टर म्हणाले, आता सोडवा याला. हॉर्नबाईही तेच म्हणाली. ताई ऐकेना. म्हणे, अजून माझ्या हातून खातो.

"तो तुझ्यासाठी खातोय," हॉर्नबाई म्हणाली. "तू त्याला त्याच्यासाठी नाही, स्वतःसाठी ठेवलायस."

मी तिथेच होतो. मुनीमच्या जखमेभोवतीचे केस कापत होतो. ताईचा चेहरा असा झाला की मी कात्री खाली ठेवली.

"माझ्या दारात उभं राहून मला हे सांगतेस? नको येत जाऊस मग," ताई म्हणाली.

"तुझी पायरी परत चढले तर मला माणूस म्हणू नकोस," हॉर्नबाई म्हणाली आणि खाली उतरली. संध्याकाळी फोनवरच्या आमच्या ग्रुपमधून ती बाहेर पडली. मुनीम त्याच आठवड्यात आपणहून गेला. ज्याच्यावरून भांडण झालं तोच उरला नाही, पण भांडण राहिलं. मी दोघींनाही समजावून थकलो. बायका म्हणून नाही म्हणत, पण दगडाला पाझर फुटला असता, या दोघींना फुटला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी ताईचा फोन आला. दुकान उघडायच्या आत ये म्हणाली. मी गेलो तर स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ ती पिल्लू मांडीवर घेऊन बसली होती. तपकिरी रंगाचं, मोठ्या कानांचं. कुणीतरी टॉवेलात छान गुंडाळलं होतं, नाक मोकळं ठेवून. पोटाशी गरम पाण्याची बाटली होती, आणि चटका बसू नये म्हणून ती मोज्यात घातलेली. मी म्हटलं, हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही, हा आपल्यातल्याच कुणाचा तरी हात आहे. ताई म्हणाली, असेल.

पिल्लाचा खालचा जबडा लोंबत होता. तोंड मिटत नव्हतं, लाळ गळत होती, दूध घशाखाली जात नव्हतं. आमच्यासारख्या कुणालाही हे दिसलं की डोक्यात एकच येतं, घशात हाड अडकलंय. आजवर अशी कितीतरी हाडं आम्ही काढली आहेत. मी टॉर्च धरला, ताईने बोट आत घातलं. काही लागेना. मग टॉर्च तिच्या हातात देऊन मी बोट घातलं. पिल्लू चावलंही नाही. नुसतं बघत राहिलं, झोप आल्यासारखं.

डॉक्टरांकडे नेलं. आमचे डॉक्टर एरवी बोलघेवडे. त्यांनी टेबलावरच्या पिल्लाकडे वाकून पाहिलं, आणि पुढे केलेला हात तसाच मागे घेतला. कपाटातून हातमोजे काढून घातले. त्यावर दुसरे घातले.

"याच्या तोंडात कुणी कुणी हात घातला?" त्यांनी विचारलं.

आम्ही दोघांनी शाळेतल्यासारखे हात वर केले. मला अजून हसूच येत होतं. मग ते म्हणाले, हे हाड नाही. पिसाळलेलं जनावर दरवेळी अंगावर धावून येत नाही. कधी कधी ते असं गप्प होतं. जबडा लुळा पडतो, घसा लुळा पडतो, आणि बघणाऱ्याला वाटतं काहीतरी अडकलंय. दया येणारा माणूस बरोबर तोंडात हात घालतो.

माझ्या बोटांकडे मी असं पाहिलं, जणू ती दुसऱ्याचीच आहेत. नखाशेजारी एक जुनी चीर होती, वस्तऱ्याची. मला खोलीतली खुर्ची दिसेना. शेवटी डॉक्टरांनीच ती माझ्या खाली सरकवली.

पिल्लू दुसऱ्या दिवशी गेलं. तपासणीचा निकाल आला तोही तोच, रेबीज. आम्हा दोघांना पिल्लू दाखवलं त्याच दिवशी इंजेक्शनं सुरू झाली होती, आधीची लसही अंगात होती, त्यामुळे आमची काळजी नव्हती. दंडाला कापूस दाबून मी नशिबाला शिव्या घालत होतो.  ताईने मात्र डॉक्टरांना विचारलं, "ज्याने टोपलीत ठेवलं, त्याचं काय?"

"त्याने नुसतं उचलून आणलं असेल तर सुटला. पण बाटलीने दूध पाजायला गेला असेल, तुमच्यासारखंच तोंड उघडून बघितलं असेल, तर त्यालाही लस हवी. लवकर हवी," डॉक्टर म्हणाले. "एकदा दुखणं अंगात दिसायला लागलं, पाण्याचा घोट घशात अडकायला लागला, की मग आमच्या हातात काही राहत नाही. कोण होता तो?"

 कोण होता ते ताईला ठाऊक नव्हतं. ठाऊक होऊ नये याचीच तर तिने इतकी वर्षं तजवीज केली होती.

मी या बाईला कितीतरी वाईट प्रसंगांत पाहिलंय. नवरा गेला तेव्हा पाहिलंय. पण तिला इतकी हादरलेली कधी पाहिली नव्हती. घरी येऊन तिने टोपलीवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला. पिल्लू ठेवणाऱ्याने लगेच भेटावं, कुणी रागावणार नाही, तुमच्या जिवाला धोका आहे. ग्रुपवर सगळ्यांना कळवलं. एकेकाला फोन केले. सगळे नाही म्हणाले. मी सलूनच्या आरशावर तसाच कागद लावला, तर एका गिऱ्हाइकाने विचारलं, ही कसली नवीन जाहिरात.

मग ती दारोदार फिरली. जी बाई कुणाला विचारत नव्हती ती आता येईल त्याला अडवून विचारत होती. लोक बिचकले. काहींना वाटलं पोलिसांची भानगड आहे. किराणावाला तर तोंडावर म्हणाला, "ताई, तुम्हीच सांगायचात ना, ठेवा आणि जा, विचारणार नाही. मग आता कोण सांगेल?" तो चुकीचं बोलला नव्हता, पण त्याचं डोकं गल्ल्यावर आपटावंसं मला वाटलं.

कामात तिचं लक्ष उडालं. कुणाची तरी चांगली काच चाकावर फुटली. मालक बोलला, तिने ऐकून घेतलं. मी तिला भेटायला दुकानात गेलो तेव्हा ती काउंटरशी उभी होती, आणि माझ्या ध्यानात आलं की ती गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे बघतच नाहीये. सगळ्यांच्या बोटांकडे बघत होती. कुणाच्या बोटाला पट्टी दिसली की विचारत होती, हे कशाने झालं.

"झोपतेस का तू?" मी विचारलं.

"डोळे मिटले की वाटतं, कुठेतरी कुणीतरी पाण्याचा पेला हातात घेऊन बसलंय," ती म्हणाली.  मी तिला चहा पाजून आलो.

असे दिवस जात होते. एका संध्याकाळी मी तिच्या पायरीवर बसून एका केसाळ कुत्रीचे कान साफ करत होतो. आभाळ भरून आलं होतं. आतून सासूबाई ओरडल्या, "ती टोपली आत घ्या. त्या दिवसासारखी खालच्या पायरीवर राहिली तर परत भिजेल. बूड कुजलं तिचं. वस्तू दुसऱ्याची असली की कुणाला पडलेली नसते."

ताई टोपली उचलायला वाकली होती, ती वाकलेलीच राहिली.

"खालच्या पायरीवर होती," ती म्हणाली.

"काय?"

"त्या सकाळी. मी दार उघडलं तेव्हा टोपली इथे नव्हती. खाली होती, अगदी खालच्या पायरीवर. मीच उतरून वर आणली. पिल्लू बघून बाकी सगळं विसरले." ती सावकाश सरळ झाली. "कात्री, ठेवायला येणारा वर येतो. दाराशी टोपली असते, वर आल्याशिवाय कसं ठेवणार? याने खाली उभं राहून हात लांबवला, टोपली खाली ओढली, पिल्लू ठेवलं आणि गेला. वर पाय ठेवला नाही."

"गुडघे दुखत असतील एखाद्याचे," मी म्हणालो. खरंच मला एवढंच सुचलं.

"बाटली मोज्यात होती. तू म्हणालास, आपल्यातलाच हात आहे. आपल्यातल्या सगळ्यांना आपण विचारलं." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "ग्रुपमधल्या सगळ्यांना."

माझ्या हातातला कापूस खाली पडला. आपल्यातलं असूनही ग्रुपमध्ये नसलेलं, आणि ही पायरी न चढणारं माणूस गावात एकच होतं. तिला आम्ही विचारलं नव्हतं. तिला कुणी काही सांगितलंही नव्हतं. शेजारच्या भागात राहणाऱ्या त्या बाईला पिल्लू गेलं हेसुद्धा माहीत असण्याचं कारण नव्हतं.

मी फोन लावला. वाजत राहिला. ताई माझ्या स्कूटरवर मागे बसली, अनवाणीच. वाटेत माझा खांदा तिने असा धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालं.

हॉर्नबाई दारापुढे व्हॅन धूत होती. पायाशी बादली, हातात फडकं. ताईला बघून तिने तोंड फिरवलं. मग राहवलं नाही, तिने मला विचारलं, "कात्री, पिल्लू कसं आहे? निघालं का हाड?"



ताई तिच्या बोटांकडे बघत होती. तर्जनीला चिकटपट्टी होती, पाण्याने सुटत आलेली. "ते काय आहे?" ताईने विचारलं. कित्येक महिन्यांनी ताई तिच्याशी बोलली ते हे पहिलं वाक्य.

"काही नाही. तोंडात बोट घातलं होतं, दात लागला. इतकुसे तर दात." मग तिने आमची तोंडं पाहिली. "काय झालं?"

ताई तिथेच ओल्या जमिनीवर बसली. सांगायचं माझ्यावर आलं. मी गिऱ्हाइकांना बरंच काही ऐकवतो, पण हे कसं सांगायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी जसं आलं तसं सांगितलं. ती आधी हसली. "चेष्टा नको करूस रे," म्हणाली. मग हसणं थांबलं, पण तोंड तसंच उघडं राहिलं. फडक्यातलं पाणी तिच्या चपलेवर ठिबकत होतं, ते तिला कळत नव्हतं.

"मला कुणी सांगितलं का नाही?" ती म्हणाली.

"तू ठेवलंस हे कुणाला माहीत होतं?" ताई ओरडली. "दार वाजवता येत नव्हतं? हॉर्न मारता येत नव्हता? गावभर तर मारत फिरतेस."

"तुझ्या पायरीवर पाय ठेवला नाही मी," हॉर्नबाई म्हणाली. "बोलले होते ना तसं. खालूनच हात लांबवला."

"मग आणलंस कशाला माझ्याकडे?"

"दुसरं कुणाकडे नेणार?"

 ताईने उठून हॉर्नबाईचा हात धरला, नळाखाली घातला आणि साबणाने ते बोट घासायला लागली. दिवस उलटून गेलेल्या जखमेवर साबण चोळून काय होणार, हे तिलाही कळत होतं. घासत राहिली. हॉर्नबाई घासू देत होती.

दवाखान्यात नर्सने सांगितलं, आधीच्या लसीचे डोस कधी पुरे झालेले नाहीत, तेव्हा दंडात एक, आणि जखमेत, थेट बोटात, वेगळं द्यावं लागेल. ते दुखतं. हॉर्नबाई पांढरीफटक पडली. सवयीने ताईने तिचं तोंड भिंतीकडे वळवलं आणि बडबड सुरू केली. एक गिऱ्हाईक आलं होतं म्हणे, नवा चष्मा घातल्यावर बायकोकडे बघून म्हणालं, जुनाच द्या. बोलता बोलता ताईच रडायला लागली. तेव्हा हॉर्नबाई भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "पुढे सांग की. बायको काय म्हणाली?" सुई बोटात होती. कोण कुणाचा हात धरून होतं, मला सांगता येणार नाही.

तिथल्या डॉक्टरांनी खोटा दिलासा दिला नाही. आला नसतात तर संपलं होतं, म्हणाले. आलात म्हणजे बहुतेक निभावेल. पण उशीर झालाय, तेव्हा काही महिने जाऊ द्यावे लागतील. दिवसागणिक भीती कमी होईल.

ते महिने सध्या चालू आहेत. सकाळी सलूनसमोरून व्हॅन जाते तेव्हा ती हॉर्न मारते. तो ऐकू येईपर्यंत मी कुणाच्या गालाला वस्तरा लावत नाही. गिऱ्हाईक तोंडाला साबण फासून खोळंबतं. खोळंबू दे.

टोपलीचा नियम ताईने बदलला. आता कागदावर लिहिलंय, दार वाजवा, नाव सांगा. लोक कमी येतात का, तर हो, थोडे कमीच येतात. सासूबाई खिडकीत बसून चौकशी करतात, आणि त्यांना ते काम फार आवडलंय.

हॉर्नबाई रोज संध्याकाळी येते. पायरी अजून चढत नाही. चढणार नाही म्हणाली होती, बसणार नाही असं कुठे म्हणाली होती, असा तिचा युक्तिवाद. खालच्या पायरीवर बसते. ताई काम टाकून बाहेर येते, तीनही पायऱ्या उतरते आणि तिच्या शेजारी बसते. हातात पाण्याने काठोकाठ भरलेला पेला असतो. तहान लागलीय का, असं ती विचारत नाही. नुसता पुढे करते.

हॉर्नबाई पेला घेते. मी हातातलं काम थांबवतो. ताई तिच्या गळ्याकडे बघत असते. ती पाणी पिते, एका दमात, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि मग आम्हाला दिसावा म्हणून रिकामा पेला पायरीवर उपडा ठेवते.